जास्वंदीला वास नसतो

श्रीश्रीकालीमाता शरणम्
पलाशडांगा, १२ भाद्र

कल्याणीया बउमा,

काल सकाळी मी अंगणातलं जास्वंदीचं झाड तोडायला कुऱ्हाड घेऊन गेलो आणि त्याला पाणी घालून परत आलो.

झाड तू लावलेलं, म्हणून तुला कळवतो. तोडा असं तुझी सासू फाल्गुनापासून सांगते आहे. काल ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी होती. मी कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि तळ्यावरून बादली भरून आणली. ती म्हणाली, "का? पातं बोथट झालं?"

मी म्हटलं, "हो."

कुऱ्हाडीला मी परवाच धार लावून आणली होती. तिच्यासमोरच आणली होती.

माझ्या आधीच्या पत्रांचं तू उत्तर दिलं नाहीस. त्याचा राग नाही. पण गेल्या बाजाराला काटोयात तुझा तपनदादा भेटला. चहा घेऊ म्हणालो तर नको म्हणाला, आणि उभ्याउभ्याच बोलला. "मिनती केस विंचरत नाही. देवघराच्या बाजूला फिरकत नाही. आमची खुकी पाळण्यात रडून काळीनिळी होते, बायको तळ्यावर असते आणि ही कोपऱ्यात बसून नुसती ऐकते. पोरीला हात लावत नाही. विचारलं तर म्हणते, माझ्यात जी आहे ती माणसं खाते."

मग त्याने मला विचारलं, "मोशाय, तुम्ही पुजारी. तुम्हीच सांगा, आहे का तिच्यात काही?"

भर बाजारातून मी तसाच निघालो. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

बउमा, माझा पोर सुबल काविळीने गेला. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं की हा आजार पाण्यातून येतो. त्याच माघात बागदीपाड्यात किती घरं रिकामी झाली, तुला ठाऊक आहे. त्यांच्यातल्या कोणी कोणतं फूल हुंगलं होतं? हे मी इथेही सगळ्यांना सांगतो. ते मान हलवतात, आणि मी पाठ फिरवली की पुन्हा तेच सुरू होतं.

त्या दिवशीचं मी तुला पुन्हा लिहून काढतो, कारण इतक्या तोंडांतून जाऊन ते आता ओळखू येत नाही. कालीपूजेचा दुसरा दिवस. मला सडकून सर्दी झाली होती. विसर्जनाचे मंत्र संपले, कालीआईच्या पायावरचं फूल उचललं, आता हुंगायचं, श्वासाबरोबर तिला परत छातीत घ्यायचं आणि पुढच्या वर्षीच्या अमावास्येपर्यंत सांभाळायचं. आमच्या घराण्यात हे कामच मुळी एवढं. नेमकी तेव्हाच शिंक आली. एक आली, मग दुसरी. फूल हातातून उडून पायरीवर पडलं. तू आरतीचं ताट घेऊन उभी होतीस. वाकलीस, उचललंस, फुंकर घालून धूळ उडवलीस आणि सवयीने नाकाशी नेलंस. कोणतीही पोरगी फुलाचं जे करते तेच तू केलंस.

गावची आत्या खेंदीपिशी ओरडली, "घेतलं गं बाई! निरूच्या सुनेनं आईला घेतलं!"

आणि सुबल हसला. तुझ्या पायाला हात लावून म्हणाला, "आई, आता तरी भात वेळेवर देशील ना?"

तेव्हा सगळे हसले होते. तुझी सासूही हसली होती, मी पाहिलं आहे. माघानंतर मात्र कोणालाच आपण हसल्याचं आठवेना. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला, एवढंच प्रत्येकाच्या लक्षात राहिलं.

केस विंचर. निदान तेवढं कर.

आशीर्वादक,
बाबा

*

पलाशडांगा, २२ आश्विन
विजयादशमीचा दुसरा दिवस

कल्याणीया बउमा,

विजयेचे आशीर्वाद. नारळाचे लाडू तपनबरोबर पाठवत आहे. लाडू तुझ्या सासूने केले आहेत. कोणासाठी ते तिने सांगितलं नाही. डबा माझ्यासमोर आपटून ठेवला आणि म्हणाली, "काटोयाला कोणी जाणार असेल तर खराब व्हायच्या आत जाऊ दे."

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी. "बाबा, अमावास्येला मी येते. माझ्यातून तिला काढून घ्या." ते मी अजून कोणाला दाखवलेलं नाही. पण गंमत अशी की इथेही सगळ्यांच्या मनात तेच आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून मला झोप नाही.

दशमीला दुर्गेची मूर्ती बुडवून आल्यावर घोषालबाबूंनी मंडपात बैठक घेतली. कालीपूजेचं ठरवायचं म्हणाले. कापूर कोण आणणार, ढाक वाजवणारे कुठले, हे बोलून झालं. मग घोषालबाबू म्हणाले, "ठाकूरमोशाय, यंदा मूर्तीत प्राण कुठून घालणार?"

मी म्हटलं, "दर वर्षी घालतो तिथूनच."

"दर वर्षी आई तुमच्यात असते. यंदा ती काटोयाला आहे."

खेंदीपिशी भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. म्हणाली, "मग आण की बोलावून. आईला रेल्वेचं तिकीट लागत नाही."

घोषालबाबूंचं म्हणणं असं: तुला आणायचं, सगळ्या गावासमोर मूर्तीपुढे बसवायचं, तुझ्या नाकाशी फूल धरून तू श्वास सोडायचा, ते फूल मी मूर्तीवर ठेवायचं. मग आई सुटली, गाव सुटलं, तूही सुटलीस. बोलताना त्यांचा आवाज वाईट नव्हता. खरंच त्यांना वाटतं की यात तुझं भलं आहे. मी नाही म्हटलं तर ते यंदा काटोयाहून दुसरा पुजारी आणतील, हेही त्यांनी तितक्याच गोड आवाजात सांगितलं.

मी विचारलं, "बाबू, आपली आई उभी कशी आहे?"

"म्हणजे?"

"तिचा पाय कुठे आहे?"

"महादेवाच्या छातीवर," ते म्हणाले. मग त्यांना कळलं आणि ते दुसरीकडे बघू लागले.

"नवऱ्याच्या छातीवर पाय पडला म्हणून तिने लाजून जीभ चावली. महादेव मेला नाही, पडल्यापडल्या तिच्याकडे बघतो आहे. आपण हेच दर वर्षी पुजतो. आणि आमच्या पोराने थट्टेत बायकोच्या पायाला बोट लावलं तर तो त्याने मेला?"

खेंदीपिशीचा अडकित्ता थांबला. म्हणाली, "निरू, तू पोथीतलं बोलतोस. बायकांना भीती वाटते, आणि भीतीला पोथी वाचता येत नाही."

तिचं हे बोलणं मला लागलं. खरं आहे ते. तुलाही भीतीच वाटते. मी कावीळ सांगतो, पाणी सांगतो, तुझ्या दोन ओळींत त्यातलं काहीच नाही. तुला वाटतं ती तुझ्यात आहे. आता मी काय लिहू? नाही म्हणून लिहिलं तर मी पुजारी कसला?

विचार करतो आहे. तू अजून निघू नकोस.

आशीर्वादक,
बाबा

*

पलाशडांगा, ५ कार्तिक

कल्याणीया बउमा,

तू यायचं नाही. अमावास्येला तर नाहीच. पुढे मनात येईल तेव्हा ये, घर तुझं आहे. पण काही परत द्यायला म्हणून या गावात पाऊल टाकायचं नाही.

घोषालबाबूंना काल सांगून आलो. ते म्हणाले, "मग यंदा मूर्तीत आई आली नाही असं लोकांना वाटलं तर?" मी म्हटलं, मलाही ती शंका आहे, पूजेला बसल्यावर कळेल. दुसरा पुजारी आणण्याचं ते पुन्हा बोलले नाहीत. कदाचित आणतीलही. अजून पाच दिवस आहेत.

आता जे मी कोणाला सांगितलेलं नाही ते लिहितो. भाद्रातच लिहिणार होतो, पण तू घाबरशील म्हणून कागदावर उतरलं नाही. शांतपणे वाच. शेवटपर्यंत वाच.

वडील गेल्यापासून मी या आसनावर बसतो. फूल हुंगलं की छातीत एकदम भरून येतं असं वडील सांगायचे. मला कधी भरून आलं नाही. फूल नाकाशी धरायचो, श्वास घ्यायचो आणि मनात यायचं की आता शेजारच्या गावची पूजा, उशीर होतोय. मी लबाडी करत नव्हतो. आई आली असेल, मला कळत नसेल, एवढंच समजायचो. पूजेत सुरुवातीला आणखी एक गोष्ट असते. ध्यान करायचं आणि फूल मूर्तीवर ठेवण्याआधी स्वतःच्या डोक्यावर ठेवायचं. आधी आपणच ती, मग समोरची ती. असं सांगितलेलंच आहे. ते फूल मी माशी हाकलल्यासारखं डोक्याला लावून चटकन पुढे जायचो. दाढीमिशांचा बाप्या, पोट सुटलेलं, मी कुठली आई? मला लाज वाटायची.

त्या दिवशी शिंकांनी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्यातून मी वर पाहिलं तर तू फूल नाकाशी धरून उभी होतीस. डोळे मिटलेले, नाकाच्या शेंड्याला चंदन लागलेलं, पदर खांद्यावरून घसरलेला. आणि माझी छाती भरून आली.

घाबरू नकोस. फुलातून काही तुझ्यात शिरताना मला दिसलं नाही. मला वाटलं ते असं: अरे, ही तर केव्हाची इथेच राहते आहे. रोज मला भात वाढते. मीठ कमी पडलं तर माझ्या आधी हिला कळतं. मग मान वळवली तर खेंदीपिशी ओरडत होती, दात पडलेलं तोंड उघडं, आणि तिच्यातही तीच. तुझी सासू सुबलला "मेल्या, चारचौघांत पाया काय पडतोस!" म्हणून रागे भरत होती, तिच्यातही तीच. क्षणभरच. मग पुन्हा शिंक आली.

म्हणून तुझ्यात ती नाही असं मी लिहिणार नाही. आहे. पण माझ्या हातून पडून तुझ्यात गेली नाही. तू जन्मलीस तेव्हापासून आहे. तुझ्या माहेरी तुला पाळण्यात असल्यापासून काय म्हणून हाक मारत होते? मा. आपल्याकडे हातभर पोरीलाही मा म्हणतात, आणि म्हणून विसरून जातात. ती माणसं खाणारी असती तर इतकी वर्षं तुझ्या आईबापांना, तपनला, मला जिवंत ठेवलं असतं का? सुबलच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या तोंडाला उसाचा रस लावणारे हात तुझे होते. त्या हातांतही तीच होती, आणि रडत होती. तिला त्याला वाचवता आलं नाही. मला वाटतं, तिलाही सगळं करता येत नाही. असं पोथीत नाही. पण मी आता पन्नाशीला आलो, एवढं माझं माझ्यापाशी असू दे.

तुझ्या सासूला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांत आई दिसते. मला एकच मुलगा होता, तो कुठेच दिसत नाही."

मी तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडू लागलो. दुसरं काय करणार? सूप रिकामं होत आलं तेव्हा ती म्हणाली, "ते झाड तोडणार आहात का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग पाणी तरी वेळेवर घाला. पानं गळताहेत."

आशीर्वादक,
बाबा

*

पलाशडांगा, १२ कार्तिक

कल्याणीया बउमा,

पूजा झाली. दुसरा पुजारी आला नाही. बोलावला नव्हता की बोलावूनही आला नाही, हे मी विचारलं नाही.

फुलं आपल्याच झाडाची होती. तोडायला गेलो तर परडी अंगणात आधीच भरून ठेवलेली. तुझी सासू चुलीपाशी पाठ करून बसली होती.

मंडपात गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. यंदा काय होतं ते बघायला लोक आले होते. मी ध्यानाला बसलो, फूल डोक्यावर ठेवलं, आणि या वेळी काढायची घाई केली नाही. ढाक थांबले. कोणीतरी खोकलं. खेंदीपिशी म्हणाली, "निरू, झोपलास की काय रे?" मी म्हटलं, "नाही पिशी, बसू दे जरा." लाज वाटत होती, पण पूर्वीची नव्हे. एखाद्याने फार मोठ्या माणसाच्या शेजारी आपल्याला बसायला जागा करून द्यावी, तेव्हा वाटते तशी. मग मी श्वास सोडला आणि फूल आईच्या छातीला लावलं. घोषालबाबूंनी पुढे होऊन मूर्तीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण साष्टांग नमस्कार घातला आणि बराच वेळ उठले नाहीत.

पण जे करायचं मी ठरवलं होतं ते दुसऱ्या दिवशीचं होतं. आश्विनात ठरवलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मीच कच खाल्ली असती.

दुपारी विसर्जनाचे मंत्र झाले. आईच्या पायावरचं फूल उचललं. सगळ्यांचं लक्ष माझ्या नाकाकडे. तुझी सासू अगदी मागे, खांबाला धरून उभी होती. माघानंतर ती पहिल्यांदा मंडपात आली होती. मी आसनावरून उठलो, पायऱ्या उतरलो, लोकांनी वाट दिली. तिच्यासमोर जाऊन फूल धरलं.

"हुंग."

ती मागे सरली. "काहीतरीच काय! मला नको."

"का?"

"मला भीती वाटते." मग अगदी हळू म्हणाली, "घरात आता उरलंय कोण? तुम्हीच."

"मी भीत नाही," मी म्हटलं. "घे."

तिने फुलाकडे पाहिलं. ते तिनेच तोडलेलं. मग तिने ते माझ्या हातून घेतलं, नाकाशी नेलं, आणि असा श्वास घेतला की मला वाटलं आता ही खाली बसेल. बसली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फूल तसंच धरलेलं. मग ती म्हणाली, "त्या पोरीने पण असंच घेतलं होतं ना?"

"असंच."

"एवढंच केलं होतं तिनं?"

"एवढंच."

खेंदीपिशी गर्दीतून हात पुढे करत आली. "आण इकडे. माझ्या मागेपुढे कोणी नाही, मला कसला धोका!" आणि तिने असं जोरात नाक ओढलं की पोरीबाळी हसू लागल्या. मग कोणीतरी तिच्या हातून घेतलं. बागदीपाड्याच्या बायका लांब उभ्या असतात तिकडे फूल गेलं, परत आलं, मुली ओढाओढी करू लागल्या. घोषालबाबू माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाले, "ठाकूरमोशाय, पुरुषांनी हुंगलं तर चालतं का?"

मी म्हटलं, "बाबू, आजवर दर वर्षी कोण हुंगत होतं?"

त्यांनी घेतलं. डोळे मिटून, चष्मा काढून.

फूल माझ्या हातात परत आलं तेव्हा पार चुरगळलं होतं. सगळ्यांच्या शेवटी मी श्वास घेतला. छाती भरून आली की नाही, ते विचारू नकोस. मूर्ती उचलायची होती, पाऊस नव्हता म्हणून तळ्याची वाट कोरडी होती, सगळे ओरडत होते, मीही ओरडलो.

आता यंदा आई कोणात आहे, हे या गावात कोणाला सांगता येणार नाही. तुझ्याकडून परत घेण्यासारखं आता कोणाकडे काही राहिलेलं नाही.

संध्याकाळी जेवताना तुझी सासू म्हणाली, "तिला लिहा, विधवेचं पथ्य पुरे, मासे खात जा म्हणावं. चोवीस वर्षांची पोर, कोणासाठी अंग वाळवते?" मग उठून गेली आणि परत येऊन म्हणाली, "आणि झाडाची छाटणी कधी करायची ते विचारा. तिलाच ठाऊक."

फूल सगळ्यांपर्यंत पोचलं, एक तू राहिलीस. म्हणून त्याची एक पाकळी या पत्रात ठेवतो आहे. टपालात सुकेल, काळी पडेल. खुकीला मांडीवर घे आणि दोघी मिळून हुंगा. वास येत नाही म्हणून टाकून देऊ नकोस. जास्वंदीला वास कधी नसतोच, बउमा. आपण फक्त श्वास घेतो.

आशीर्वादक,
तुझा बाबा